पहिल्या गोळीच्या आधी: अँटिबायोटिक घेताना सोलापूरकरांनी काय पाहायचं, काय विचारायचं

"अण्णा, अंग लई दुखालंय, कणकण हाय. उद्या कामावर जायचंय, कायतरी स्ट्राँग द्या की."

संध्याकाळी पूर्व भागातल्या एखाद्या मेडिकलसमोर थोडा वेळ थांबलात तर हे वाक्य कानावर पडेलच. बोलणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण यंत्रमागावर खाडा झाला की मजुरी बुडते, विड्या वळल्या नाहीत तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. डॉक्टरांची फी, तपासणी आणि रिक्षा यांचा हिशोब केला तर काउंटरवर कात्रीनं कापून मिळणाऱ्या चार गोळ्या स्वस्त वाटणारच. त्या चार गोळ्यांत अनेकदा एक अँटिबायोटिक असतं. घेणाऱ्याला ते माहीतही नसतं.

अँटिबायोटिक फक्त जिवाणू मारतं, विषाणूवर त्याचा काही उपयोग नाही. गरज नसताना घेतलेली गोळीसुद्धा पोटात गेल्यावर काम करतेच. आतड्यातले कमजोर जिवाणू मरतात, ज्यांच्यावर औषध चालत नाही ते उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. "माझ्या अंगाला आता या गोळ्यांची सवय झालीय" असं लोक म्हणतात. खरं तर अंगाला काही होत नाही, जंतू निबर होतो. आणि ही ताकद एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. त्यामुळे आयुष्यात कधी फालतू गोळी न घेतलेल्या माणसालाही निबर जंतूचा संसर्ग होतो. २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ११ लाख ४० हजार माणसं थेट अशा संसर्गांनी गेली, असा 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. साधं सिझेरियन, गुडघ्याचं ऑपरेशन, केमोथेरपी, डायलिसिस हे सगळं अँटिबायोटिक चालतात या भरवशावर उभं आहे.

माझ्या मते अँटिबायोटिक जपण्याचं निम्म्याहून जास्त काम पहिली गोळी तोंडात टाकण्याच्या आधी होतं. नंतर करण्यासारखं फार थोडं उरतं. घरात आजारपण ज्या क्रमानं पुढं सरकतं त्याच क्रमानं खाली लिहिलंय. शेवटचा भाग शेतकऱ्यांसाठी आहे, पण शहरातल्यांनीही तो वाचायला हरकत नाही.

पायरी १: हा आजार अँटिबायोटिकचा आहे का?

सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, बहुतेक खोकला, लहान मुलांचे बहुतेक जुलाब, डेंगी, चिकनगुनिया हे सगळे विषाणूंचे आजार. यांत अँटिबायोटिकनं एक दिवसही लवकर बरं वाटत नाही. तिसऱ्या दिवशी गोळी घेतली आणि पाचव्या दिवशी बरं वाटलं, तर श्रेय गोळीला जातं. पाचव्या दिवशी तसंही बरं वाटणारच होतं.

इथं खरी अडचण धीराची आहे. सर्दी सात ते दहा दिवस राहते. घसा आठवडाभर दुखू शकतो. सर्दीमागून येणारा खोकला तर तीन आठवडेही रेंगाळतो, आणि तिथंच आपण कंटाळून मेडिकल गाठतो. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे "इन्फेक्शन वाढलं" हाही गैरसमजच. साध्या सर्दीतही रंग बदलतो.

तोवर घरी काय करायचं? तापाला वयावजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, विश्रांती. डेंगीची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन टाळा. जुलाब असतील तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण घाला. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात घालू नका. तयार केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. लहान मुलांना सोबत झिंक १४ दिवस, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.

पण पुढचं काही दिसलं तर घरी थांबू नका. जुलाबातून रक्त, मान ताठ होणं, ग्लानी, बाळानं दूध-पाणी सोडणं, लघवी बंद होणं, तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप, धाप. लहान मुलाचा श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पोटाकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर मोजत बसायचीही गरज नाही, तडक दवाखाना. तिथं अँटिबायोटिक लागेल आणि वेळेवर लागेल. औषधाला नाही म्हणत बसणं हा या लेखाचा उद्देश नाही.

पायरी २: मेडिकलच्या काउंटरवर

पट्टी हातात घ्या आणि उलटी करून बघा. उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये या लाल रेघेची मोहीमच काढली होती. त्याच्याही वरचा वर्ग म्हणजे शेड्यूल एच-१. मार्च २०१४ पासून तो लागू आहे. सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन गटातली बरीच औषधं, मेरोपेनेमसारखी राखीव इंजेक्शनं आणि टीबीची औषधं त्यात येतात. ही विकताना दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम आहे. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. चिठ्ठी न बघता अशी पट्टी कुणी पुढं सरकवली तर घेऊ नका.

एक पट्टी मात्र मुद्दाम नाव घेऊन सांगतो, कारण जुलाब म्हटलं की ती मागितली आणि दिली जाते: ऑफ्लोक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र. जिवाणू आणि अमिबा दोघांनाही एकदम हाणायची ही गोळी. साध्या पाणीदार जुलाबात दोघांपैकी कुणीच नसतं, असतो तो बहुतेक वेळा विषाणू. मार खातात आतड्यातले चांगले जिवाणू.

काउंटरवर मागायची पद्धत बदला. "स्ट्राँग द्या" ऐवजी "ताप आणि अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल द्या, अँटिबायोटिक नको" इतकं स्पष्ट बोला. सुट्या गोळ्या घेतल्या तरी पट्टीवरचं नाव आणि मुदत वाचता येईल असा तुकडा मागा, बिल घ्या. उद्या खरंच दवाखान्यात जायची वेळ आली तर "दोन दिवस एक पांढरी गोळी खाल्ली" एवढ्या माहितीवर डॉक्टरांना काही करता येत नाही.

पायरी ३: डॉक्टरांसमोर

आपल्याकडं सुई टोचली नाही तर डॉक्टर चांगला नाही, आणि सलाईन लावलं तर फार चांगला. डॉक्टरांनाही हे ठाऊक असतं. पेशंट पुढच्या दवाखान्यात जाऊ नये म्हणून काही जण गरज नसताना अँटिबायोटिक लिहितात, हे वैद्यकीय क्षेत्रातली माणसंही खासगीत नाकारत नाहीत. म्हणून पहिलं वाक्य आपण बोलावं: "डॉक्टर, गरज नसेल तर अँटिबायोटिक नको, आम्ही दोन दिवस वाट बघू." त्यांचंही ओझं उतरतं.

लिहून दिलंच तर विचारा: हे कशासाठी? किती दिवस? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फरक पडला नाही तर काय करायचं? सुरू करण्याआधी एखादी तपासणी करून घ्यायची का? आणि न विचारता स्वतःहून सांगा: आधी कुठलं औषध घेतलंय, पूर्वी कुठल्या औषधाची रिॲक्शन आली होती, दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पितंय का, किडनीचा त्रास, शुगर, रोजच्या गोळ्या.

पायरी ४: कल्चर. आधी नमुना, मग गोळी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कल्चर म्हणजे लघवी, रक्त किंवा पू यातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून कुठल्या औषधानं तो मरतो हे बघणं. पहिला डोस पोटात गेल्यावर नमुना दिला तर अनेकदा जिवाणू वाढतच नाही, रिपोर्ट कोरा येतो आणि पैसे वाया जातात.

वारंवार होणारी लघवीची जळजळ हे रोजचं उदाहरण घेऊ. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा. घरातली धुतलेली बाटली चालत नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. आधी जागा साध्या पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. डबी तास-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात ४२-४३ अंशांत डबी स्कूटरच्या डिकीत घालून आधी बाजार उरकला, तर वाटेतच जंतू कितीतरी पटींनी वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो.

रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. त्यात जंतूचं नाव असतं, लघवीत बहुधा ई. कोलाय. मग कॉलनी काउंट. एक लाख किंवा जास्त असेल तर साधारणपणे खरा संसर्ग धरतात. 'मिक्स्ड ग्रोथ' असं आलं तर बहुतेक वेळा नमुना नीट घेतला गेलेला नसतो. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढं एस, आय किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे जंतू निबर, चालणार नाही. आय म्हणजे जास्त मात्रेत किंवा ठरावीक ठिकाणच्या संसर्गात चालू शकेल. काही रिपोर्टवर 'एमआयसी' नावाचे आकडे असतात. ते बघून "याचा आकडा लहान, म्हणजे हे जास्त चांगलं" असा हिशोब करू नका, दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. एस असलेल्यांपैकी शक्य तितकं साधं औषध निवडणं हे डॉक्टरांचं काम. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत: आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची.

आणखी एक: काहीच त्रास नसताना रुटीन तपासणीत लघवीत जंतू निघाले, तर बहुतेकांना औषधाची गरज नसते. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणारे पेशंट हे ठळक अपवाद. शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास नसताना नुसत्या अशा रिपोर्टसाठी महिन्यामागून महिने गोळ्या चालू ठेवलेल्या दिसतात, त्या एकदा डॉक्टरांना दाखवून विचारा.

टायफॉइडचंही तेच. ताप आला की विडाल नावाची रक्ततपासणी करायची आणि पॉझिटिव्ह आली की टायफॉइड ठरवायचा, ही आपली जुनी खोड. जिथं टायफॉइड नेहमीचा आहे तिथं निरोगी माणसाचीही विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्री रक्ताच्या कल्चरनं होते, तेही तापाच्या पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकच्या आधी. एकेकाळी टायफॉइडवर हमखास चालणारं सिप्रोफ्लोक्सासिन आता भारतात बहुतेक ठिकाणी निकामी झालंय. शहरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सिव्हिल आहे. खासगी लॅबचा खर्च झेपत नसेल तर आधी तिथं चौकशी करा.

पायरी ५: घेताना

वेळा पाळा. दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी. सिप्रोफ्लोक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन दूध, कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधांबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. अंगावर पुरळ, ओठ-डोळे सुजणं, दम लागणं असं काही झालं तर पुढची गोळी घेऊ नका, लगेच दवाखाना गाठा.

किती दिवस घ्यायचं हे डॉक्टर सांगतील तितके. अलीकडं बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा लहान कोर्स पुरतात असं दिसून आलंय, पण ते ठरवणं आपलं काम नाही. लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा. आणि आपली उरलेली पट्टी जाऊबाईंना, शेजारच्या पोराला द्यायची नाही.

टीबी: इथं नियम वेगळा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं. अशा वेळी खोकल्याच्या औषधांबरोबर लिव्होफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक घेत राहिलात तर टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबतं. तंबाखूच्या धुरळ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका आणि मागावर कापसाच्या तुसात काम करणारे लोक खोकला अंगवळणी पाडून घेतात. त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं.

सरकारी दवाखान्यात बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, ही दोन्ही उत्तरं त्यातून मिळतात. साध्या टीबीचा उपचार सहा महिने, रोज, वजनाप्रमाणे. दुसऱ्या महिन्यात अंग भरतं, खोकला थांबतो आणि गोळ्या सुटतात, घात तिथंच होतो. इथं 'लवकर बरं वाटलं' याला काही किंमत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना १,००० रुपये खात्यात मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

गजकर्ण आणि ती ट्यूब

उन्हाळ्यात मांड्या, कंबर, काखेत लाल कड्यांचं गजकर्ण उठतं आणि मेडिकलमधून ट्यूब येते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन म्हणजे स्टेरॉइड, जेंटामायसिन किंवा निओमायसिन म्हणजे अँटिबायोटिक, मायकोनाझोल किंवा क्लोट्रिमाझोल म्हणजे बुरशीचं औषध. तिन्ही एकत्र असतील तर परत करा. गजकर्ण बुरशीचं असतं, अँटिबायोटिकचा तिथं संबंधच नाही. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. भारतात ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी फैलावली आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध अनेकदा चालत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घरातल्या सगळ्यांना एकदम उपचार द्या, कपडे कडक उन्हात उलटे वाळवा. आणि टॉवेलच्या गावात राहून घरात चौघांना एक टॉवेल, हे बंद करा.

संसर्गच कमी झाला तर

न झालेल्या टायफॉइडला अँटिबायोटिक लागत नाही. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. साठवलेल्या पाण्यात हात बुडवून तांब्या भरणं हीच जुलाबाची वाट. पिण्याचं पाणी वेगळं ठेवा, झाकण असलेल्या आणि तोटी लावलेल्या भांड्यात. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. पाणी खळखळ उकळू लागल्यावर मिनिटभर तसंच ठेवा, किंवा क्लोरीनचे थेंब लेबलप्रमाणे घालून अर्धा तास थांबा. आषाढीला पंढरपुरात, संक्रांतीला गड्ड्यावर जाताना आपली बाटली न्या. बर्फाचे गोळे आणि उघडं सरबत टाळा.

मुलांच्या लसी चुकवू नका. न्यूमोकोकल आणि रोटाव्हायरस या लसी सरकारी केंद्रात मोफत आहेत. टायफॉइडची कॉन्जुगेट लस सहा महिन्यांच्या बाळापासून चालते, ती खासगीत विकत मिळते.

जुन्या, मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नका. पट्टीवर रेघा ओढून, वेगळ्या पिशवीत बांधून, घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीला स्वतंत्र द्या.

बागेत आणि गोठ्यात

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या डाळिंबवाल्याला तेल्या कोण हे सांगावं लागत नाही. तेल्या जिवाणूचा रोग आहे, आणि त्यावर वर्षानुवर्षं फवारलं गेलं ते स्ट्रेप्टोसायक्लिन. त्या पुडीत नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं औषध. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं शेतीतला हा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. सतत फवारल्यावर बागेतला जंतूही दाद देईनासा होतो, म्हणजे तोटा आधी शेतकऱ्याचाच.

तेल्याचा मुख्य प्रवास पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्यातून, कात्रीतून आणि रोगट रोपांतून होतो. म्हणून रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या. तेल्याचा जोर असलेल्या बागेत मृग बहार सोडून हस्त बहार धरायचा विचार करा, फळं वाढायच्या वेळी पाऊस कमी असतो. बागेला पुरती विश्रांती द्या. छाटणी करताना दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, छाटणीनंतर एक टक्का बोर्डो फवारा. पडलेली फळं, पानं, फांद्या बांधावर ढीग न लावता बागेबाहेर नेऊन नष्ट करा. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. दुकानदाराच्या सल्ल्याआधी तिथलं वेळापत्रक बघा.

गोठ्यात कासदाह, म्हणजे दगडी झाली की सडात ट्यूब सोडली जाते. शक्य असेल तर त्याआधी दुधाचा नमुना तपासायला द्या. नियम माणसांसारखाच: आधी नमुना, मग औषध. धार काढण्याआधी आणि नंतर सड धुणं, काढल्यानंतर जंतुनाशकात बुडवणं, दुखऱ्या म्हशीची धार सगळ्यात शेवटी काढणं, यानं दगडी पुष्कळ कमी होते. कोंबड्यांच्या किंवा जनावरांच्या खाद्यात 'वाढीसाठी' कोलिस्टिन कुणी देत असेल तर नकार द्या. २०१९ पासून त्यावर बंदी आहे, माणसांसाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या काही औषधांपैकी ते एक आहे.

ट्यूबच्या लेबलवर किती दिवस दूध वापरायचं नाही ते छापलेलं असतं. तेवढे दिवस ते दूध डेअरीला घालायचं नाही, घरी वापरायचं नाही, वासरालाही पाजायचं नाही. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, त्यामुळे लपवलं तरी कुठंतरी उघडं पडतंच. ट्यूब सोडल्याची तारीख आणि दूध पुन्हा सुरू करायची तारीख दोन्ही गोठ्याच्या दारावर खडूनं लिहा, कारण धार काढायला रोज एकच माणूस असतो असं नाही.